रग्बीचा परदेश दौरा पहिल्यांदाच बघताय? मग असा बघा

एखाद-दुसरा रग्बी सामना बघून झाला, थोडी गोडी लागली आणि आता एखाद्या राष्ट्रीय संघाचा परदेश दौरा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचा विचार आहे, तर हा लेख तुमच्यासाठी. नवखी मंडळी सहसा तीन शनिवारचे तीन कसोटी सामने बघतात आणि दौरा बघितला असं म्हणतात. तसं बघायला हरकत काहीच नाही, पण निम्मी गंमत हातची जाते. दौऱ्यात काय शिजतंय ते कळतं मधल्या वारच्या सामन्यांतून, गुरुवारी जाहीर होणाऱ्या संघातून आणि जायबंदी झालेल्या राखीव प्रॉपच्या (स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांच्या रेटारेटीत, अगदी पुढे उभा राहणारा) जागी कोणाला बोलावलं यावरून.

उदाहरणासाठी शक्यतो एकच दौरा धरून चालतो: २०२२ च्या जून-जुलैमधला आयर्लंडचा न्यूझीलंड दौरा. तीन कसोट्या आणि माओरी ऑल ब्लॅक्स या न्यूझीलंडमधल्या माओरी वंशाच्या खेळाडूंच्या संघाविरुद्ध दोन सामने, असे पाच सामने तीन आठवड्यांच्या आत. निकाल आधीच सांगून टाकतो. पहिली कसोटी आयर्लंड १९-४२ असा हरला, पुढच्या दोन्ही जिंकला. न्यूझीलंडमध्ये मालिका जिंकण्याची आयर्लंडची ती पहिलीच वेळ, आणि घरच्या मैदानांवर मालिका गमावण्याची न्यूझीलंडची १९९४ नंतरची पहिली.

आधी दौरा नीट निवडा

रग्बी युनियनच्या वर्षात राष्ट्रीय संघांसाठी ठरावीक काळ राखून ठेवलेले असतात. या काळात क्लबांना आपले खेळाडू देशासाठी मोकळे करावेच लागतात, तसा वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेचा नियमच आहे. जुलैमध्ये उत्तर गोलार्धातले संघ दक्षिणेकडे जातात, नोव्हेंबरमध्ये दक्षिणेकडचे उत्तरेला येतात.

नवख्याने असा दौरा निवडावा ज्यात एकाच प्रतिस्पर्ध्याशी किमान दोन, शक्यतो तीन कसोट्या आहेत. नोव्हेंबरमध्ये पाहुणा संघ दर शनिवारी वेगळ्या देशाशी खेळतो. त्यात सामने छान होतात, पण सूड नसतो, उट्टं काढणं नसतं, आणि गेल्या आठवड्यात हरलेला प्रशिक्षक या आठवड्यात काय बदलतो हे त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर बघायला मिळत नाही. २०२६ पासून बारा संघांची नेशन्स चॅम्पियनशिप एक वर्षाआड ठरवल्यामुळे त्या वर्षांच्या जुलैमध्येही तीन शनिवारी तीन वेगळे प्रतिस्पर्धी येतात. म्हणजे जुन्या पद्धतीची मालिका आता शोधावी लागते. मला हा बदल फारसा पटलेला नाही, पण प्रक्षेपणाचा पैसा कुठे आहे हे पाहिलं की तो का झाला ते कळतं.

मालिका अजून दोन ठिकाणी हमखास सापडते. एक म्हणजे ब्रिटिश अँड आयरिश लायन्स. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चौघांतले निवडक खेळाडू दर चार वर्षांनी एकत्र येतात आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका यांपैकी एका देशात जातात. २०२५ मध्ये ते ऑस्ट्रेलियात होते, २०२९ ची पाळी न्यूझीलंडची. दुसरं ठिकाण म्हणजे न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी आपसात ठरवलेले मोठे दौरे. २०२६ च्या ऑगस्ट-सप्टेंबरसाठी आखलेल्या दौऱ्यात कसोट्यांबरोबर स्टॉर्मर्स, शार्क्स, बुल्स आणि लायन्स या दक्षिण आफ्रिकी संघांशीही सामने ठेवले. (हे लायन्स जोहान्सबर्गचे. नावावरून गोंधळू नका.)

वेळापत्रक कागदावर उतरवा

प्रत्येक सामन्यासाठी मैदानावरची वेळ आणि तुमच्याकडची वेळ तारखेसकट शेजारी शेजारी लिहा. तारखेसकट म्हणतोय, कारण चूक तिथेच होते. ऑकलंडला संध्याकाळी ७:०५ ला सुरू होणारा जुलैतला सामना डब्लिनमध्ये त्याच दिवशी सकाळी ८:०५ ला दिसतो, आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याच तारखेला, मध्यरात्र उलटताच १२:०५ ला.

त्याच कागदावर शहर, मैदान आणि दोन सामन्यांमधले दिवस लिहा. आयर्लंडचा कागद असा दिसला असता: बुधवार २९ जून हॅमिल्टन, शनिवार २ जुलै ऑकलंड, शनिवार ९ जुलै डनेडिन, मंगळवार १२ जुलै वेलिंग्टन, शनिवार १६ जुलै पुन्हा वेलिंग्टन. नुसतं एवढं वाचलं तरी दोन गोष्टी लक्षात येतात. बुधवारी खेळलेल्या खेळाडूने शनिवारच्या कसोटीत सुरुवातीपासून उतरणं अवघड, म्हणजे हा एक संघ नसून जवळपास दोन संघ आहेत. आणि डनेडिनहून वेलिंग्टनला पोचल्यावर दुसऱ्या फळीच्या हाती तयारीला जेमतेम दोन दिवस आहेत.

मैदानांचीही थोडी चौकशी करा. डनेडिनच्या मैदानावर कायमचं छप्पर आहे, त्यामुळे ऐन हिवाळ्यातही चेंडू कोरडा राहतो आणि खेळ वेगवान होतो. वेलिंग्टनला वारा असतो. ऑकलंडचं ईडन पार्क तर पाहुण्यांचं मसणवाटच. १९९४ मध्ये फ्रान्सकडून हरल्यानंतर २०२५ संपेपर्यंत न्यूझीलंड तिथे एकही कसोटी हरलेला नव्हता. दौरा दक्षिण आफ्रिकेचा असेल तर उंची बघा. जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे १,७५० मीटरवर आहे. तिथे पाहुण्यांना शेवटच्या वीस मिनिटांत धाप लागते आणि लाथाडलेला चेंडू नेहमीपेक्षा लांब जातो. २००९ मध्ये ब्रिटिश अँड आयरिश लायन्सविरुद्धच्या दुसऱ्या कसोटीत दक्षिण आफ्रिकेच्या मॉर्ने स्टेनने अगदी शेवटी स्वतःच्या अर्ध्या भागातून पेनल्टी मारून मालिका जिंकून दिली, ती प्रिटोरियात. तेही पठारावरचंच शहर.

हे दौरे पूर्वी फार लांबलचक असायचे. १८८८ मध्ये ब्रिटिश बेटांचा पहिला संघ ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला गेला तेव्हा त्यांनी रग्बीचे ३५ सामने खेळले, आणि वर ऑस्ट्रेलियन नियमांच्या फुटबॉलचे १९. त्या दौऱ्यात कर्णधार रॉबर्ट सेडन हंटर नदीत बुडून गेला. संघाने दौरा तरीही पुरा केला. १९०५-०६ मध्ये डेव्ह गॅलहरचा न्यूझीलंड संघ ३५ सामने खेळला आणि एकच हरला, कार्डिफला वेल्सविरुद्ध ०-३. न्यूझीलंडच्या बॉब डीन्सची ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं) झाली होती की नव्हती यावरचा वाद अजून मिटलेला नाही. १९९५ मध्ये खेळ अधिकृतपणे व्यावसायिक झाला, क्लबांची वेळापत्रकं भरली आणि महिनोन्‌महिन्यांचे दौरे तीन आठवड्यांवर आले.

आणि दौरा नेहमी मैदानापुरता राहतोच असं नाही. १९८१ मध्ये वर्णभेदी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेचा संघ न्यूझीलंडला आला तेव्हा देश दुभंगला. हॅमिल्टनमध्ये निदर्शक मैदानात घुसले आणि सामना रद्द करावा लागला. ऑकलंडच्या शेवटच्या कसोटीत छोट्या विमानातून मैदानावर पिठाच्या पुड्या टाकण्यात आल्या. कुठल्याही दौऱ्याआधी यजमान देशातल्या बातम्या दोन-चार दिवस चाळा. खेळाच्या पानाबाहेरच्याही.

नियम लागतील तेवढेच शिका

सगळे नियम शिकून मग सामना बघू म्हणाल तर कधीच बघणार नाही. एवढं पुरतं: प्रत्येकी १५ खेळाडू, ४० मिनिटांचे दोन डाव. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, ५ गुण. त्यानंतरची लाथ खांबांमधून गेली तर आणखी २. पेनल्टी ३, ड्रॉप गोल ३. पिवळं कार्ड म्हणजे दहा मिनिटं बाहेर.

एक प्रसंग मात्र दरवेळी थांबून बघा. संघाला पेनल्टी मिळते तेव्हा कर्णधार काय ठरवतो? खांबांकडे बोट दाखवलं तर तीन गुणांवर समाधान. चेंडू बाहेर मारून कोपऱ्यात लाइनआउट (बाजूच्या रेषेवरून चेंडू आत फेकून दोन रांगांनी तो झेलणं) घेतली तर त्याला ट्राय हवी आहे, म्हणजे आपले पुढचे आठजण समोरच्यांना भारी पडतायत असा त्याचा हिशेब आहे. वेलिंग्टनच्या तिसऱ्या कसोटीत सुरुवातीच्या काही मिनिटांतच आयर्लंडने असाच कोपरा गाठला, लाइनआउटमधून मॉल (चेंडू धरलेल्याभोवती जमलेला घोळका) रेटला आणि जॉश फान डर फ्लिअरने ट्राय केली. आयर्लंड कसल्या मनःस्थितीत आलाय, ते त्या एका निर्णयातच कळलं.

चाळीस नावांची यादी वाचायला शिका

आयर्लंडने त्या दौऱ्यासाठी ४० खेळाडू नेले. सगळी नावं पाठ करू नका, यादी जागांप्रमाणे मांडा.

पहिल्यांदा मोजा प्रॉप आणि हूकर, म्हणजे १, २ आणि ३ क्रमांकांची मंडळी. स्क्रममध्ये मानेवर आणि पाठीवर प्रचंड भार येतो. तिथे प्रशिक्षित नसलेला माणूस उभा केला तर त्याचा जीव धोक्यात येईल, म्हणून सामन्याच्या २३ जणांत या तिन्ही जागांचे बदली खेळाडू असावेच लागतात. ते संपले तर स्क्रम नुसते नावापुरते होतात, रेटारेटी बंद. डनेडिनला नेमकं हेच झालं. न्यूझीलंडचा ओफा तुउंगाफासी पिवळ्या कार्डावर बाहेर होता, त्याच्यासाठी आत आलेला अँगस तआवाओ लाल कार्डावर गेला, स्क्रम नावापुरते झाले, आणि कोण आत कोण बाहेर या गोंधळात आर्डी सवेआसारखा खेळाडू परत मैदानावर येऊच शकला नाही.

मग बघा ९ आणि १०, म्हणजे स्क्रम-हाफ आणि फ्लाय-हाफ. चेंडू कुठे जायचा ते हे दोघे ठरवतात. पहिल्या पसंतीचा दहा क्रमांकाचा खेळाडू पडला तर पुढे कोण, हा प्रश्न यादी हातात आल्या आल्या विचारायचा. आयर्लंडकडे जॉनी सेक्स्टन होता, वय जवळपास ३७. त्याच्यामागे जोई कार्बेरी.

शेवटी, एकही कॅप नसलेल्या खेळाडूंच्या नावांवर खूण करा. कॅप म्हणजे अधिकृत कसोटीतली हजेरी. आयर्लंडच्या यादीत असे पाच होते: किअरन फ्रॉली, जेरेमी लॉकमन, जो मॅकार्थी, जिमी ओब्रायन आणि किअन प्रेंडरगास्ट. ही पाच नावं लक्षात ठेवा.

मधल्या वारचे सामने सोडू नका

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच सामन्यांकडे होतं.

पाहुण्यांच्या दृष्टीने हा सराव असतो, यजमानांच्या दृष्टीने आयुष्यात एकदाच येणारी संधी. ३१ ऑक्टोबर १९७८ ला आयर्लंडमधल्या मन्स्टर प्रांताने लिमरिकच्या थॉमंड पार्कवर न्यूझीलंडला १२-० ने हरवलं. त्याच दौऱ्यात न्यूझीलंडने आयर्लंड, वेल्स, इंग्लंड आणि स्कॉटलंड या चारही देशांना हरवलं. लोकांच्या तोंडी मात्र राहिलं ते मन्स्टर.

या सामन्यांत गुणफलकापेक्षा तीन गोष्टी बघा. दुसऱ्या फळीतला कोण कसोटी संघाचं दार ठोठावतोय? प्रशिक्षक कुणाला नेहमीच्या जागेवरून हलवून बघतोय? आणि कोण लंगडत बाहेर जातोय?

हॅमिल्टनला माओरी ऑल ब्लॅक्सकडून आयर्लंड १७-३२ असा हरला. खरी पंचाईत पुढे झाली. दुखापती आणि कोविड यांच्यामुळे प्रॉपची वानवा पडली. तेव्हा मायकेल बेंटला बोलावणं गेलं. हा न्यूझीलंडमध्येच जन्मलेला, पूर्वी आयर्लंडकडून कसोटी खेळलेला प्रॉप आयर्लंडमधला लेन्स्टर संघ सोडून न्यूझीलंडमधल्या तारानाकीत, आपल्या घरी, परतला होता. त्याला आयर्लंडची हिरवी जर्सी देऊन वेलिंग्टनच्या मंगळवारच्या सामन्यात बेंचवर, म्हणजे राखीव खेळाडूंत, बसवलं, आणि तो सामना आयर्लंडने ३०-२४ ने जिंकला. चार दिवसांवर मालिकेचा निकाल लावणारी कसोटी होती. दुसऱ्या फळीने तो मंगळवार निभावून नेला, म्हणून पहिल्या फळीला त्या दिवशी घाम गाळावा लागला नाही. शनिवारच्या विजयात बेंटचाही वाटा आहे असं मी मानतो.

गुरुवारचा संघ

कसोटीचा संघ बहुधा गुरुवारी जाहीर होतो. १ ते १५ सुरुवातीचे, १६ ते २३ बेंच. गेल्या आठवड्याचा कागद शेजारी धरा आणि किती नावं बदलली ते मोजा.

४२-१९ अशी धुलाई झाल्यावर कुठलाही प्रशिक्षक चार-पाच जणांना घरी बसवेल असं वाटतं. आयर्लंडचा प्रशिक्षक अँडी फॅरेलने सुरुवातीच्या पंधरांत एकच बदल केला: कीथ अर्ल्सच्या जागी मॅक हॅन्सन. तिसऱ्या कसोटीलाही एकच, गॅरी रिंगरोजला डोक्याला मार लागल्यामुळे बंडी आकी. पहिल्या पराभवाकडे प्रशिक्षक कसं बघतोय हे त्याच्या पत्रकार परिषदेपेक्षा या यादीतून जास्त कळतं.

बेंचवरचे आठ कसे वाटलेत तेही बघा. साधारणपणे पाच पुढचे, तीन मागचे. सहा-दोन असेल तर शेवटच्या अर्ध्या तासात ताकदीने चेपायचा बेत आहे. दक्षिण आफ्रिकेने २०२३ मध्ये सात-एकचा जुगार खेळला, ट्विकनहॅमला न्यूझीलंडला ३५-७ ने लोळवलं आणि पुढे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातही तोच बेंच ठेवून १२-११ ने कप नेला. मागच्या फळीतले दोघं जायबंदी झाले असते तर? ती धाकधूक दौऱ्यावर तर आणखीनच, कारण बदली माणूस पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असतो.

पहिली कसोटी: बघा, पण निकाल लावू नका

पाहुणा संघ प्रवासाने आंबलेला असतो, यजमान बरेच दिवस एकत्र खेळलेले नसतात. पहिली कसोटी त्यामुळे थोडी खोटं बोलते. ईडन पार्कवर पहिली ट्राय आयर्लंडची होती, अर्ल्सची. त्यानंतर साधारण वीस मिनिटांत न्यूझीलंडने चार ट्राय ठोकल्या आणि मध्यंतराला २८-५ झाले. फलक बघून लोक टीव्ही बंद करून गेले असतील. पण उत्तरार्ध नुसता वेगळा मोजा: दोन्ही बाजूंना १४-१४. म्हणजे पिछाडीवर असलेला संघ कोसळला नव्हता.

तुम्हीही दोन्ही डावांचे गुण वेगवेगळे लिहायची सवय लावा. सोबत आणखी दोनच नोंदी: कोणी किती पेनल्टी दिल्या आणि स्वतःच्या लाइनआउटवर किती चेंडू गमावले. एवढं पुरे. टॅकलची टक्केवारी वगैरे आकड्यांचा ढीग पडद्यावर येत राहतो, सुरुवातीला तिकडे बघूच नका.

मधला आठवडा

रविवार-सोमवारी दुखापती आणि शिस्तभंगाच्या सुनावण्यांच्या बातम्या येतात. डोक्याला मार लागल्याची शंका असेल तर खेळाडूला बाहेर नेऊन तपासतात. मेंदूला धक्का बसल्याचं ठरलं तर पुढचा शनिवार बहुधा गेलाच. न्यूझीलंडचा सॅम व्हाइटलॉक असाच दुसऱ्या कसोटीला मुकला. सेक्स्टनलाही पहिल्या कसोटीत तपासणीसाठी बाहेर काढलं होतं आणि तो त्या सामन्यात परतला नाही, तरी पुढच्या शनिवारी उतरला. त्यावर बरीच टीका झाली. नियमांच्या चौकटीत बसत असलं तरी अशा निर्णयांवर प्रश्न विचारले जायलाच हवेत, आणि नव्या प्रेक्षकाने ही बाजू पहिल्या दिवसापासून गंभीरपणे घ्यावी.

प्रशिक्षकांची शेरेबाजी मात्र एका कानाने ऐका. पडद्याआडचे डावपेच बघायचे असतील तर कोण कुणाच्या तंबूत आहे ते बघा. २०२२ मध्ये पहिल्या कसोटीआधी न्यूझीलंडच्या प्रशिक्षकांना कोविडने गाठलं तेव्हा मदतीला आला जो श्मिट, जो २०१९ पर्यंत आयर्लंडचाच प्रशिक्षक होता.

दुसरी कसोटी एकही मिनिट चुकवू नका

पूर्ण दौऱ्यातला एकच सामना बघायला वेळ असेल तर हा. एक संघ पिछाडीवर, मालिका वाचवायची, आणि आठवडाभर दोघांनी एकमेकांचं चित्रीकरण उलटंपालटं करून पाहिलेलं. लायन्सच्या दुसऱ्या कसोट्या काढून बघा: १९९७ ला डर्बनमध्ये १८-१५, २००९ ला प्रिटोरियात पराभव २५-२८, २०१७ ला वेलिंग्टनमध्ये २४-२१, २०२५ ला मेलबर्नमध्ये २९-२६. चारही वेळा फरक तीन गुणांचा, एका पेनल्टीएवढा. मेलबर्नला नव्वद हजारांहून जास्त लोकांसमोर लायन्सच्या ह्यूगो कीननने अगदी अखेरच्या क्षणी ट्राय केली. दर वेळी असंच होतं असं नाही. २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने केपटाउनच्या रिकाम्या मैदानावर २७-९ ने सरळ विषय संपवला.

आयर्लंडचा डनेडिनचा सामना तसा गबाळाच होता. कार्डंच कार्डं, चुका, तुटक खेळ. अँड्रू पोर्टर या प्रॉपच्या दोन ट्राय, २३-१२, आणि न्यूझीलंडच्या भूमीवर आयर्लंडचा पहिलावहिला विजय. देखणं रग्बी बघायचं असेल तर हा सामना नव्हे. दबावाखालचा संघ शिस्त कशी गमावतो ते बघायचं असेल तर याच्यासारखा धडा नाही.

तिसरी

इथे फार सांगण्यासारखं नाही, तुम्ही आता तयार आहात. वेलिंग्टनला मध्यंतराला आयर्लंड २२-३ ने पुढे होता, न्यूझीलंडने ते २५-२२ पर्यंत खेचून आणलं, मग आयर्लंडच्या रॉब हेरिंगची ट्राय आणि ३२-२२. एवढंच लक्षात ठेवा की तिसऱ्या कसोटीत दोन्ही संघ थकलेले असतात. साठाव्या मिनिटानंतर बेंचवरून कोण येतो यावर सामना फिरतो, आणि तो बेंच टिकलाय की नाही हे मधल्या वारच्या सामन्यांत ठरलेलं असतं.

प्रत्यक्ष जाणार असाल तर

सगळ्या कसोट्या गाठायचा हट्ट सोडा. ऑकलंड ते डनेडिन हे सरळ अंतरही हजार किलोमीटरच्या वर आहे, आणि कसोटीच्या शनिवारी डनेडिनसारख्या छोट्या शहरात राहायला जागा मिळणं मुश्कील होतं. तीन आठवड्यांऐवजी मंगळवार ते शनिवार एकाच शहरात काढता येईल असा आठवडा निवडा. २०२२ मध्ये तो वेलिंग्टनचा होता, दोन सामने एकाच मैदानावर. तिकीट यजमान संघटनेच्या अधिकृत विक्रीतूनच घ्या. जुलैत दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो आणि सामने रात्रीचे, तेव्हा गरम कपडे आणि पावसाचं जाकीट हवंच. पहिल्यांदाच जाताना सगळ्यात पुढची जागा घेऊ नका. थोडं वर बसलात की मागची फळी कशी सरकते ते दिसतं, टीव्हीवर ते कधीच नीट दिसत नाही. न्यूझीलंडच्या संघाचा 'हाका' हा सामन्याआधीचा माओरी नाच चालू असताना कुठे बघायचं, हा प्रश्न पडणार नाही. फक्त पाहुण्यांचे चेहरेही बघा.

दौरा संपल्यावर

शेवटची शिट्टी झाली की कागद फेकू नका. हरलेल्या बाजूला पुढच्या दोन आठवड्यांत काय होतं ते बघा. न्यूझीलंडचे सहायक प्रशिक्षक जॉन प्लमट्री आणि ब्रॅड मूअर यांना त्या मालिकेनंतर जावं लागलं, आणि पुढच्या फळीसाठी जेसन रायनला आणलं. एका मॉलमधून झालेल्या ट्रायची किंमत कधी कधी अशी मोजली जाते.

मग नोव्हेंबरचे संघ जाहीर होतील तेव्हा कागदावर खूण केलेली नावं शोधा. आयर्लंडच्या त्या पाचांपैकी एकालाही न्यूझीलंडमध्ये कॅप मिळाली नाही, माओरी ऑल ब्लॅक्सविरुद्धचे सामने अधिकृत कसोट्या नव्हते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ओब्रायन दक्षिण आफ्रिकेविरुद्ध उतरला, लॉकमन आणि प्रेंडरगास्ट फिजीविरुद्ध, मॅकार्थी ऑस्ट्रेलियाविरुद्ध. फ्रॉलीला २०२३ पर्यंत थांबावं लागलं. आणि जुलै २०२५ मध्ये ब्रिस्बेनला लायन्सची पहिली कसोटी सुरू झाली तेव्हा दुसऱ्या रांगेत जो मॅकार्थी होता.